दयाराम घरत आणि सामाईक मोरी

दयाराम घरतला एखाद्या ऑफिसात पहिल्यांदा नेलं, की तो खुर्चीवर बसत नाही. आधी वर बघतो. छताच्या कोपऱ्यातून, ट्यूबलाइटच्या मागून, भिंतीला पाडलेल्या भोकातून कुठली वायर कुठं गेली आहे हे बघत बघत तो चालू लागतो, आणि मालक त्याच्यासाठी मागवलेला चहाचा कप हातात धरून त्याच्या मागून. पेणच्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात तो असाच एका वायरीच्या मागे लागला आणि थेट त्यांच्या स्वयंपाकघरात निघाला. तिथं बाईंच्या सासूबाई तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. "कोण पाहिजे?" त्यांनी दचकून विचारलं. "ही काली वायर कुठं जाते?" दयारामनं विचारलं. वायर फ्रीजची होती. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. दयाराम मात्र, चला, एक प्रश्न तरी कमी झाला, असा चेहरा करून परत आला. सासूबाईंनी दिलेली भाकरीही त्यानं तिथंच उभ्या उभ्या खाल्ली.

अठ्ठावन्न वर्षांच्या, दहावी नापास, चष्म्याला दोरी बांधणाऱ्या या माणसाचा धंदा काय, हे त्याच्या गावात अर्ध्या लोकांना अजून धड सांगता येत नाही. "कॉम्प्युटर दुरुस्त करतो," असं ते म्हणतात. ते खरं नाही. बिघडलेला कॉम्प्युटर दुरुस्त करणारे अलिबागला गल्लोगल्ली आहेत. दयारामचं काम वेगळं. एखाद्या धंद्यात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घेतलेलं मशीन असतं. ते अजून चालत असतं आणि सगळा धंदा त्याच्या पोटात असतो. शेजारी नवे कॉम्प्युटर येऊन बसतात. जुन्याला नव्याची बोली कळत नाही, नव्याला जुन्याचं दार सापडत नाही. मग दोघांच्या मधे वाट आखावी लागते. कुणाचा निरोप कुठल्या दारातून निघेल, कुठल्या पेटीत पोचेल, ती पेटी तो पुढं कुणाच्या हवाली करील आणि उत्तर कुठल्या वाटेनं परत येईल, हे सगळं आधी कागदावर ठरवावं लागतं. या निरोपांना पॅकेट म्हणतात, पेट्यांना राउटर म्हणतात आणि या सगळ्या आखणीला रूटिंग. शिकून आलेली पोरं जुनं मशीन बघितलं की पहिलं वाक्य बोलतात, "हे आधी काढून टाका." दयाराम पहिलं वाक्य बोलतो, "हे काय काय ऐकतं?" आता या दोघांत शहाणा कोण, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

माणगावची एक भातगिरणी, हरिहरेश्वरचं एक लॉज, अलिबागची दोन ऑफिसं, अशी अकरा जुनी मशीनं त्याच्या देखरेखीखाली आहेत. प्रत्येकासाठी त्याच्या लांब वहीत दोन पानं. त्या पानांवर शब्द कमी आणि चौकोन जास्त. चौकोनांमधून रेघा, रेघांवर बाण. त्याच्या सुनेनं एकदा ती वही बघितली आणि विचारलं, "बाबा, ही आपली मिठागरं काढलीत का?" दयाराम चमकला. त्याला स्वतःला ते तोवर दिसलंच नव्हतं.

कारण वाट आखणं तो शिकला ते मिठागरात. धरमतरच्या खाडीकाठी त्याच्या बापाचं, शिवदास घरतचं, मिठागर होतं. उधाणाचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या लाकडी दारातून, आत घ्यायचं. मग ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं फिरवत न्यायचं. वाटेत ऊन त्यातलं पाणी खात जातं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ पडतं. पाच-सहा वर्षांचा दयाराम बांधावर पालथा पडून पाण्याचं पहिलं टोक कुठून कुठं सरकतं ते बघत बसायचा. कुठला वाफा आधी भरेल याची तो स्वतःशीच पैज लावायचा आणि हरला की जाम खूश व्हायचा. हरला म्हणजे पाण्याला काहीतरी माहीत होतं, जे त्याला माहीत नव्हतं. मग ते काय, हे शोधायला पुढचे दोन दिवस मिळायचे.

त्या मिठागरांची एक रीत होती. दोन मिठागरांच्या मधल्या बांधात पाणी जाण्यापुरती एक मोरी ठेवलेली असायची. ती सामाईक. एकाच्या उघाडीत गाळ बसला किंवा दार अडकलं, तर शेजाऱ्यानं आपलं पाणी त्या मोरीतून त्याला द्यायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही, मोरीवरची फळी उचलायची आणि आपल्या कामाला लागायचं. शिवदास आणि शेजारचा मोरू यांचं एका आंब्यावरून भांडण झालं ते आयुष्यभर मिटलं नाही. दोघं एकमेकांचं तोंड बघत नसत. लग्नाच्या पत्रिका तिसऱ्याच्या हातानं जात. पण मोरीची फळी दोघेही उचलत. "पान्याला दोन वाटा ठेवाव्यात," शिवदास पोराला सांगायचा, "येक बंद झाली तर शेजारी हाय. शेजारी बंद झाला तर आपन हाव." हे दयारामच्या हाडात मुरलं, आणि या सगळ्या हकिकतीत घोळ घातला तो याच मोरीनं.

मिठागर पुढं बंद पडलं. दयाराम वायरमनच्या हाताखाली लागला, मग स्वतः वायरमन झाला. सत्त्याण्णव साली अलिबागच्या उत्तरेला खाडीकाठी असलेल्या 'दर्याभुवन इंजिन वर्क्स'मध्ये मुंबईहून एक मोठं करडं मशीन आलं. फ्रीजएवढं. त्याची केबल शेडच्या पत्र्याखालून ओढायला कुणीतरी किडकिडीत माणूस हवा होता, म्हणून दयारामला बोलावलं. तो दिवसभर कोळिष्टकांत रांगला. संध्याकाळी खाली उतरून त्यानं इंजिनिअरला विचारलं, "साहेब, यातून करंट जातो का?" इंजिनिअर म्हणाला, "करंट नाही, माहिती जाते." दयाराम म्हणाला, "ती कशी जाते?"

इंजिनिअरची शेवटची लाँच चुकली ती या प्रश्नामुळे. तो भला माणूस होता, त्यानं दोन तास पुठ्ठ्यावर आकृत्या काढून सांगितलं आणि जाताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवून गेला. दयारामनं ते डिक्शनरी घेऊन सव्वादोन वर्षांत वाचलं. दहावीला ज्या इंग्रजीनं त्याला पाडलं होतं, त्याच इंग्रजीला त्यानं असं पानापानानं पाणी पाजलं.

दर्याभुवनमध्ये मच्छीमार बोटींच्या इंजिनाचं काम चालतं. पंखा, शाफ्ट, बेअरिंग. त्या करड्या मशीनसमोर पहिल्या दिवसापासून कृष्णाबाई बसतात. तेव्हा त्या तीस वर्षांच्या होत्या. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटतात, माऊस वगैरे थेर नाहीत, सगळं बोटांवर. किनाऱ्यावरच्या चार हजारांवर बोटींची मापं त्यांनी या मशीनमध्ये घातली आहेत. शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा दांडा, दर वेळी घासला की थोडा बारीक होतो, म्हणून प्रत्येक बोटीचं शेवटचं माप ठाऊक असावं लागतं. बोटवाला फोन करून नुसता बोटीचा नंबर सांगतो, कृष्णाबाई माप काढून देतात आणि बोट वाळूवर असतानाच इकडं त्या मापाचं नवं बेअरिंग कापायला घेतात. ही मापं दुसऱ्या कुठंही लिहिलेली नाहीत. मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. आतल्या नोंदी उपसून नव्या कॉम्प्युटरात भरायच्या तर वर्ष जाईल, असं पनवेलच्या एका कंपनीनं सांगितलं होतं.

यंदा कारखान्याची सूत्रं मालकांच्या थोरल्या मुलाकडं, चिरागकडं, आली. चिराग तिशीतला, बोलायला गोड आणि घाईचा. शेडपासून किलोमीटरभर अंतरावर, रस्त्याच्या कडेला त्यानं नवी इमारत बांधली. काचेचा दर्शनी भाग, चाळीस कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे, लांबलचक काउंटर. त्यानं दयारामला बोलावून सरळ सांगितलं.

"काका, एक तारखेला मासेमारीची बंदी उठते. त्याच्या आधी शेवटच्या आठवड्यात सगळी गर्दी. नव्या काउंटरवरून जुन्या मशीनची मापं बरोबर निघाली, तर मशीन राहील. कृष्णाबाई इकडं बसून बाकीच्यांना शिकवतील. नाही निघाली, तर सॉरी, मशीन भंगारात. मापं नव्यानं घेऊ, एक सीझन त्रास होईल."

"आनि कृष्णाबाई?"

"मशीनच नसलं तर त्या काय करणार, काका?"

हे तो वाईटपणानं बोलला नाही. त्याला खरोखरच दुसरं काही सुचत नव्हतं. मग त्यानं पुढं गोड शब्द घातला, "आणि हे तुम्ही नीट करून दिलंत, तर नव्या इमारतीचं सगळं नेटवर्क तुमचंच. मी बाहेरून कुणाला आणणार नाही."

नव्या इमारतीच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाट उभं होतं आणि त्याच्याशेजारी न उघडलेली खोकी. दयाराम त्या खोक्यांपाशी बराच वेळ रेंगाळला. असले नेटवर्कचे स्विच त्यानं फक्त चित्रात बघितले होते. आयुष्यभर त्यानं म्हाताऱ्या मशीनांची सेवा केली, त्यांच्यावर त्याचा जीव, पण म्हणून नव्याची भूक नव्हती असं नाही. खोक्यावरची बारीक इंग्रजी अक्षरं तो चष्मा कपाळावर चढवून वाचत राहिला. वॉचमननं "काय हरवलं का?" म्हणून विचारलं तेव्हा भानावर आला.

त्यानं लांब वही काढली आणि वाट आखली. शेड ते इमारत दोन रस्ते. एक केबल, खांबांवरून गेलेली. दुसरा वायरलेस, दोन्ही गच्च्यांवर समोरासमोर बसवलेल्या थाळ्यांमधून. शेडमध्ये दोन पेट्या. पहिली केबलवाली, दुसरी थाळीवाली. जुन्या मशीनला फार काही सांगून उपयोग नसतो, त्याला एकच वाक्य समजतं. ते त्यानं लिहिलं: नव्या इमारतीचं जे काही असेल ते पहिल्या पेटीला दे. पहिल्या पेटीला सांगितलं: केबलनं पाठव, आणि केबल बंद असली तर दुसरीला दे. दुसरीला सांगितलं: थाळीनं पाठव, आणि थाळी बंद असली तर पहिलीला दे. झालं. येक बंद झाली तर शेजारी हाय. त्याला स्वतःची आखणी फार आवडली. कागद लांब धरून त्यानं तो दोनदा बघितला.

सोमवारी जोडणी झाली. नव्या काउंटरवर बसलेल्या पोरीनं एका बोटीचा नंबर घातला आणि एक किलोमीटर पलीकडच्या शेडमधलं माप तिच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं. चिरागनं टाळी वाजवली. कृष्णाबाईंनी शेडमधून फोन केला, "गेलं का रं?" "गेलं," दयाराम म्हणाला. दुसऱ्या टोकाला त्यांनी कुणाला तरी पेढे आणायला सांगितल्याचं त्याला ऐकू आलं.

मंगळवारी सकाळी मशीन बसलं.

नुसतं नव्या काउंटरवर नाही, शेडमधले पडदेही गोठले. कृष्णाबाईंनी ते बंद करून परत चालू केलं. त्याला जागं व्हायला पंचवीस मिनिटं लागतात. दुपारी परत बसलं. बुधवारी दोनदा. काउंटरवर बोटवाले उभे, हातात नंबर लिहिलेले कागद, आणि आत पडदा काळाठिक्कर. सदू नावाचा थळचा बोटवाला मोठ्यानं म्हणाला, "अरे, आधीचं बरं व्हतं, फोन केला की बाय सांगत व्हती." चिरागचं तोंड उतरलं. जो तो एकच बोलत होता, मशीन म्हातारं झालं, त्याला हा ताण झेपत नाही. कारखान्यातल्या सगळ्यांना एकदम डॉक्टरकी येऊ लागली.

दयारामनं मशीनचं कार्ड काढून बघितलं. ठीक. केबलची दोन्ही टोकं पुन्हा बसवली. ठीक. शेडमधला जुना हब, ज्यातून सगळ्यांच्या वायरी जातात आणि ज्यात एका वेळी एकालाच बोलता येतं, तो तपासला. तोही ठीक. सगळं ठीक असताना जी गोष्ट बिघडते, तिची दयारामला एक वेगळीच ओढ लागते. जेवताना त्याचा घास हातात तसाच राहायला लागला. बायको म्हणाली, "बोंबील थंड झालं." तो म्हणाला, "दोन्हीकडची लाईट वेगली हाय ना?" तिनं कपाळावर हात मारून घेतला.

पण प्रश्न बरोबर होता. गुरुवारी सकाळी तो नव्या इमारतीत त्या लोखंडी कपाटासमोर उभा असताना तिथली वीज गेली. पावसाळ्यात जाते तशी. जनरेटर लागायला मिनिटभर. आणि त्या मिनिटात त्याचा फोन वाजला.

"परत बसलं," कृष्णाबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता.

"कवा?"

"आता. ह्या घडीला."

शेडची वीज गेली नव्हती. शेडची लाईन वेगळ्या बाजूनं येते. मग इथला दिवा गेल्यावर किलोमीटरभर लांबचं मशीन का बसावं? त्यानं आठवायचा प्रयत्न केला, मंगळवारी दोनदा, बुधवारी दोनदा. तेव्हाही इथं वीज गेली होती का? वॉचमनला विचारलं. वॉचमन म्हणाला, "कधी गेली नाय ते विचारा."

मग त्यानं एक काम केलं. इमारतीच्या वायरमनला सांगितलं, "अकराला बरोबर दोन मिनटं मेन बंद कर. जनरेटर लावू नको." आणि स्कूटर काढून शेड गाठली. मशीन तोवर जागं झालं होतं. तो दोन्ही पेट्यांच्या समोर स्टूल ओढून बसला. पेट्यांवरचे छोटे दिवे निवांत लुकलुकत होते. कृष्णाबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

अकरा वाजले आणि दोन्ही पेट्यांचे दिवे पिसाटले. लुकलुकणं संपलं, नुसता उजेड झाला. नव्या इमारतीत काळोख, तिकडून कुणी काही मागत नाही, आणि इथं ही कसली घाई? दयारामनं लॅपटॉपवर एक आज्ञा टाकली. पॅकेट कुठल्या कुठल्या दारातून जातं त्याची यादी देणारी. यादी येऊ लागली. पहिली पेटी. दुसरी पेटी. पहिली पेटी. दुसरी पेटी. पहिली. दुसरी. पहिली. दुसरी. तीस ओळी भरल्या तरी तेच.

तो हसला. आधी खुदकन आणि मग मोठ्यानं. वर्षानुवर्षं ज्याच्याविषयी फक्त पुस्तकात वाचलं होतं, ते त्याच्यासमोर नाचत होतं. वीज गेली की इमारतीकडची केबल आणि थाळी दोन्ही एकदम मरतात. मशीन बिचारं इमारतीतल्या प्रिंटरला दिवसभर मापांची लांब यादी पाठवत असतं. पहिली पेटी म्हणते, केबल बंद, घे बाई तू. दुसरी म्हणते, थाळी बंद, घे बाई तू. प्रत्येक पॅकेटच्या कपाळावर एक आकडा लिहिलेला असतो, दर दाराला तो एकनं कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट मरतं. पण मरेपर्यंत ते या दोघींमध्ये शंभरदा हेलपाटे घालतं. उत्तर येत नाही म्हणून मशीन तेच पॅकेट पुन्हा पाठवतं, तेही हेलपाट्यांना लागतं. जुन्या हबमध्ये एका वेळी एकालाच बोलता येतं, आणि तिथं या दोघींची न संपणारी कुजबुज. मशीनला तोंड उघडायला जागाच राहत नाही. ते म्हातारं झालं नव्हतं, त्याचा गळा दाबला जात होता.

आणि मग त्याचं हसू थांबलं. गळा दाबणारा तो होता.

मिठागरात असं कधीच झालं नव्हतं. का झालं नव्हतं, ते त्याला तिथं, त्या स्टुलावर, बावन्न वर्षांनी कळलं. पाण्याला उतार असतो. मोरी उघडली तरी पाणी खालच्या बाजूलाच जातं, आल्या वाटेनं परत वर चढत नाही. आणि समजा कुठं थांबलं, तर बिघडत काही नाही, ऊन आहेच. पॅकेटला उतार नसतो. त्याला जिकडं ढकलाल तिकडं ते जातं, दिवसभर ढकलत राहिलात तर दिवसभर जातं. बापाची मोरी त्यानं जशीच्या तशी उचलून तारेत बसवली होती. असली चूक पनवेलची पोरं करणार नाहीत. त्यांना शेजारधर्म शिकवलेला नसतो.

दुरुस्ती एका ओळीची होती. दुसऱ्या पेटीचं शेवटचं वाक्य खोडायचं आणि लिहायचं: थाळी बंद असली तर पॅकेट टाकून दे, पहिलीला परत देऊ नको. त्यानं हात पुढं केला, तेवढ्यात शेडच्या दारात गाडी थांबली. चिराग उतरला. त्याच्यामागून एक माणूस आला आणि मशीनभोवती फिरून ते कुठून उचलता येईल ते बघू लागला. तो भंगारवाला होता.

"काका," चिराग थकलेल्या आवाजात म्हणाला, "मला सगळे सांगतायत की मशीन संपलंय. पण मी तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय काही करणार नाही. बोला, म्हातारं झालं ना? बस, एक शब्द."

दयारामनं चष्मा काढला आणि पुसला. एक शब्द. नुसती मान हलवली तरी चालणार होतं. कुणालाही संशय आला नसता. दोष म्हाताऱ्या मशीनचा, दयारामकाकांनी तर जिवाचं रान केलं, असंच सगळे म्हणाले असते. नवी इमारत त्याची झाली असती. ती खोकी त्यानं स्वतःच्या हातानं उघडली असती. खरं सांगितलं, तर ज्या माणसानं दोन पेट्यांत घोळ घातला त्याच्या हवाली चाळीस कॉम्प्युटर कोण करील? त्याला त्या खोक्यांचा, त्यांतल्या थर्माकोलचासुद्धा, विलक्षण मोह झाला. हे लपवण्यात अर्थ नाही. तो साधू नव्हता, आणि तो चष्मा नुसता पुसायला कुणाला एवढा वेळ लागत नाही.

"मशीन चांगलं हाय," तो म्हणाला. "चूक माझी हाय."

"म्हणजे?"

"वाट मी चुकीची आखली. तुमच्या इमारतीची वीज गेली की ह्या दोन पेट्या एकमेकींना तेच तेच देत बसतात आनि मशीनचा जीव घुसमटतो. मशीनचा काय संबंध न्हाय. कृष्णाबाईंचा तर न्हायच न्हाय. सगलं माझं."

भंगारवाल्यानं मशीनवरचा हात काढून घेतला.

"किती वेळ लागेल?" चिरागनं विचारलं.

"एक ओल."

त्यानं ती ओळ लिहिली. मशीन परत चालू करून ते जागं झाल्यावर वायरमनला फोन करून पुन्हा मेन बंद करायला लावलं. या खेपेला दोन्ही पेट्या गप्प बसल्या. कृष्णाबाईंनी एका बोटीचा नंबर घातला आणि इमारतीत काळोख असताना शेडमध्ये माप झटकन उमटलं. पाच मिनिटांनी वीज आली आणि नव्या काउंटरवरही मापं निघू लागली. चिरागनं आणखी चार वेळा वीज घालवून बघितली. इमारतीतल्या लोकांनी बहुतेक त्याला शिव्या घातल्या असतील. मशीन हललं नाही.

"मशीन राहील," चिराग शेवटी म्हणाला. "कृष्णाबाई, तुम्ही पण. सोमवारपासून काउंटरवर." मग तो दयारामकडं वळला. "काका, तुम्ही खरं बोललात, मला रिस्पेक्ट आहे. पण सीझनच्या तोंडावर तीन दिवस गेले. नव्या इमारतीचं काम मी पनवेलवाल्यांना देतो. जुन्या मशीनचं तुमच्याकडंच. समजून घ्या."

दयारामनं मान हलवली. त्याला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. तरी त्यानं विचारलंच, "ती खोकी उघडतील तवा मी बघायला येऊ? हात न्हाय लावनार."

"या ना काका," असं काहीतरी पुटपुटत चिराग भंगारवाल्याला घेऊन बाहेर पडला. गाडी गेली.

दयाराम पेटीची झाकणं बसवत होता. मागं कसलातरी आवाज झाला म्हणून त्यानं वळून बघितलं. कृष्णाबाई टेबलाखालून एक मोठी कापडी पिशवी ओढून त्यातून वस्तू काढत होत्या. खुर्चीवरची उशी. स्टीलचा पेला. नातवाचा फोटो. एकेक वस्तू त्या टेबलावर जिथल्या तिथं मांडत होत्या.

"हे काय? तुम्ही सामान भरलं व्हतं?"

"परवाच," त्या म्हणाल्या. त्यांनी वर बघितलं नाही. "मना वाटलं, माझंच चुकतंय. बोटं आता सावकाश चालतात ना. कायतरी भलतंच दाबलं जात असंल, म्हनून ते बसतं. आज शेठला सांगनार व्हते, मशीन ठेवा, बाईला काढा."

दयारामच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायला तो वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

टेबलावरचा फोन वाजू लागला. कृष्णाबाईंनी पदरानं डोळे पुसले, खुर्ची पुढं ओढली आणि रिसीव्हर उचलला.

"दर्याभुवन," त्या म्हणाल्या. "बोटीचा नंबर सांगा."